रेवतीच्या पिशवीवर कुणाची सही

रेवती लॅब्राडोर होती, चौदा महिन्यांची, आणि तिची जन्मपत्रिका होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोक म्हणतात, रामकिसन, फेकू नको. मी फेकत नाही. मी एकतीस वर्षं सरकारी जनावरांच्या दवाखान्यात व्रणोपचारक होतो. नाव भारी आहे. काम म्हणजे जखमा धुवायच्या, म्हशीची शेपटी धरायची आणि लाथ खायची. निवृत्त झालो तसा सिडकोत डॉक्टर शैला मॅडमच्या दवाखान्यात लागलो. इथं म्हशी येत नाहीत. कुत्री येतात, आणि त्यांच्याबरोबर माणसं येतात. म्हशीची लाथ परवडली.

त्या दिवशी दोन घरं एकदम आली. रेवतीकडचे व्यंकटराव, बँकेतून निवृत्त, खिशाला दोन पेनं. आणि त्यांच्या पत्नी प्रमोदिनीबाई. समोरच्या बाकावर सिल्लोडचे नानासाहेब, तिकडं कापसाची जिनिंग, इकडं बायपासला बंगला. त्यांच्या मालकीण सारजाबाई. आणि त्यांच्या पायाशी युवराज, काळा लॅब्राडोर, तीन वर्षांचा, गळ्यात चांदीची साखळी. दोन घरांच्या मधोमध केशव गुरुजी, मांडीवर पंचांग.

"सोयरीक जमलीय," व्यंकटराव म्हणाले. "छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळतात. तुमचं फिटनेस सर्टिफिकेट मिळालं की आम्ही बार उडवायला मोकळे."

मॅडमनी रेवतीचे दात बघितले, पोट चाचपलं, मागचे पाय ताणून बघितले. मग युवराजला दारापासून टेबलापर्यंत चालवलं. उठताना तो मागचा डावा पाय जरा झटकायचा.

"याच्या खुब्यांचा एक्स-रे काढलाय?"

"पोराचं खुबं कशाला बघायचं मॅडम?" नानासाहेब म्हणाले. "घराणं बघा की. याचा बाप पुण्याला कुत्र्यांच्या शोमधी पयला आल्ता. एवढा मोठा कप."

"मी असते तर बापाचेही खुबे बघितले असते. या जातीत खुब्याचा सांधा सैल निघतो आणि तो पिल्लांत उतरतो. आज आठ गोंडस पिल्लं वाटाल, आणि चार-पाच वर्षांनी त्यातली निम्मी उठायची बंद होतील. दोघांचे एक्स-रे काढा, रक्त तपासा, आणि हिला दोन वर्षांची होऊ द्या. तोपर्यंत माझी सही मिळणार नाही."

"नाडी एक नाही," केशव गुरुजींनी पंचांगातून मान वर न करता सांगितलं.

"एक्स-रे एकही नाही," मॅडम म्हणाल्या.

व्यंकटराव हसले. शिकलेली माणसं अडाण्याकडं बघून हसतात तसं. "मॅडम, तुम्हाला वाटत असेल हे एवढे वेगवेगळे लोक एकत्र कसे. आम्ही जातपात मानत नाही. कुत्र्याला कसली आलीय जात!" मग नानासाहेबांकडं वळून हळूच म्हणाले, "फक्त ते युवराज प्युअर असल्याचं सर्टिफिकेट एकदा दाखवा ना. वरच्या चार पिढ्यांसकट."

या माणसाची सख्खी पुतणी जातीबाहेर गेली म्हणून सहा वर्षं त्याच्या घराचा उंबरा चढलेली नाही. आणि नानासाहेबांनी भाच्याचं ठरलेलं लग्न मोडलं, पाहुणे शहाण्णव कुळांत बसत नाहीत म्हणून. माणसांच्या बाबतीत एकमेकांच्या घरी पाणी पितानाही विचार करणारी ही दोन घरं कुत्र्यांच्या निमित्तानं एका बाकावर बसली होती, आणि दोघांनाही आपण किती सुधारलो याचं कौतुक वाटत होतं.

मॅडमनी तिसऱ्यांदा नाही म्हटलं. आमच्याकडं बाईनं तीनदा नाही म्हटलं की तिला लाज वाटतेय असं धरतात. ते उठले, नमस्कार केला, आणि पत्रिका छापायला टाकली.

लग्नाच्या पाच दिवस आधी दवाखान्यात फोन आला. मॅडमच्या हातात मांजर होतं म्हणून मी फोन स्पीकरवर टाकला.

"मॅडम, प्रमोदिनी बोलतेय. जरा अडचण झालीय. रेवती बाहेरची झालीय."

"म्हणजे?"

"म्हणजे... बसलीय बाजूला. तिला आम्ही गॅलरीत वेगळं ठेवलंय. पण लग्न तोंडावर आलंय. अंतरपाटापुढं अशा अवस्थेत कशी उभी करायची? पुढं ढकलायचं काही औषध असेल ना?"

मॅडमनी मांजर माझ्याकडं दिलं. "बाई, ती पाळी नाहीय. कुत्रीत ते उलटं असतं. रक्त दिसलं म्हणजे माज सुरू झाला. गाभण राहण्याचे दिवस त्यानंतर आठ-दहा दिवसांनी येतात. तिला आत घ्या, नरापासून लांब ठेवा, आणि कसलीही गोळी देऊ नका. कसलीही. ऐकलंत?"

"हो हो. कसलीही नाही," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. मागून गुरुजींचा आवाज आला, "विटाळ तो विटाळच." फोन बंद झाला.

लग्नाला मॅडम गेल्या नाहीत, मी गेलो. बायपासच्या लॉनवर चारशे पान होतं. गुलमंडीवर बस्ता बांधला होता; रेवतीला पिवळा शालू कापून शिवला होता, युवराजला फेटा होता. फेटा त्यानं मांडवात येईपर्यंत खाल्ला, नुसत्या मुंडावळ्या राहिल्या. अंतरपाट धरला तसं त्याच्या खालून दोघं एकमेकांना हुंगायला लागले. गुरुजींनी मंगलाष्टक थांबवलं आणि माईकवरून सांगितलं, "वधूवरांनी वास घेण्याची घाई करू नये." लोकांनी अक्षता टाकल्या, युवराजनं त्या चाटून घेतल्या. कन्यादानाला व्यंकटराव हुंदके देऊन रडले. पुतणीच्या लग्नाला न गेलेला माणूस. त्यांच्या हातावरून पाणी सोडलं, ते रेवतीनं पिऊन टाकलं.

ती सासरी गेली. युवराज जवळ आला की खाली बसायची, गुरगुरायची. सारजाबाई सगळ्यांना सांगायच्या, "लाजती. नवी नवरी हाय."

मग सात आठवड्यांनी दवाखान्यात कार्ड आलं. सौ. रेवती हिचे डोहाळजेवण, माहेरी, रविवारी दुपारी. प्रमुख पाहुण्या डॉक्टर शैला.

"चल रामकिसन," मॅडम म्हणाल्या. "बॅग घे. मी जेवायला चाललेली नाही."

व्यंकटरावांच्या गच्चीवर झोपाळा फुलांनी मढवला होता. त्यावर रेवती आडवी पडली होती, अंगावर हिरवा खण, कानाला मोगऱ्याचे गजरे. पोट टम्म. वीस-पंचवीस बायका ओटी घेऊन उभ्या होत्या आणि कुणीतरी पाळण्याचं गाणं म्हणत होतं. अगरबत्तीचे तीन पुडे पेटवलेले होते. तरी तो वास मला आला. म्हशीची वार आत अडकून सडली की येतो, तो. एकतीस वर्षांत तो वास मी हजारदा घेतलाय. मी मॅडमकडं बघितलं. त्या आधीच चपला काढून तिच्याकडं निघाल्या होत्या.

"किती पाणी पिते?" मॅडमनी विचारलं.

"दिवसाला बादली!" प्रमोदिनीबाई कौतुकानं म्हणाल्या. "आत आठ जणं आहेत ना."

"खाते?"

"काही नको तिला. उलट्या. सगळे डोहाळे अगदी माझ्यासारखे."

तेवढ्यात सारजाबाईंनी दोन झाकलेल्या वाट्या आणल्या, एकीत पेढा, एकीत बर्फी. नाक लावेल ती उघडायची. पेढा निघाला तर मुलगा. रेवतीनं मान उचलली आणि डाव्या वाटीवर पिवळं ओकली.

"पेढा!" सगळ्या एकदम ओरडल्या. टाळ्या पडल्या.

मॅडमनी टाळ्यांतून वाट काढली, ओठ उचलून हिरड्या बघितल्या, थर्मामीटर लावलं, खण बाजूला करून शेपटीखालचं बघितलं. मग उभ्या राहिल्या.

"हिच्या पोटात पिल्लू नाही. एकही नाही. पू आहे. काय दिलं होतं हिला?"

गाणं बंद पडलं. प्रमोदिनीबाई झोपाळ्याच्या कडीला धरून उभ्या राहिल्या. "महालक्ष्म्यांच्या वेळी घरात अडचण नको म्हणून आम्ही घेतो त्याच गोळ्या. लग्नापर्यंत रोज. पेढ्यात घालून. आम्हाला तर कधी काही झालं नाही हो."

"तुम्ही बाई आहात. ही कुत्री आहे. त्या गोळीनं हिची पिशवी सडते. आता काढली तर वाचेल, संध्याकाळपर्यंत थांबलात तर आत फुटेल. गाडी काढा."

गाडी निघाली. मागं नानासाहेबांची जीप, त्यात गुरुजी आणि एसी लावून बसलेला युवराज, आणि त्याच्या मागं दोन रिक्षा भरून बायका, ओटीच्या नारळांसकट.

दवाखान्यात रेवतीला टेबलावर घेतलं. मी पायाचे केस काढले, सलाईन लावलं. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मॅडमनी फॉर्म पुढं केला. "संमती लिहून द्या. पिशवी काढतेय."

व्यंकटरावांनी पेन काढलं. टोपण उघडलं. मग टोपण लावलं आणि पेन परत खिशात ठेवलं.

"मी कसा करू? कन्यादान झालंय. हातावरून पाणी सोडलंय मी. आता हिच्यावर अधिकार सासरचा."

"वा रं वा!" नानासाहेब उसळले. "गोळ्या चारल्या तुम्ही, नासवली तुम्ही, अन् सही आम्ही? सात जणांला पिल्लू कबूल केलंय मी. एक तर आमच्या व्याह्याच्या व्याह्याला. पिशवी काढायच्या कागदावर माझं नाव दिसलं तर तालुक्यात तोंड दाखवता येईल व्हय?"

"माझ्याकडे कन्यादानाचा व्हिडिओ आहे."

"असंल! माझ्याकडं जेवणावळीचा हाय!"

सारजाबाई मॅडमच्या कानाशी आल्या. "बाई, सगळीच काढायची का? थोडी ठिवा की. दोन पिल्लांपुरती."

गुरुजींनी पंचांग काढलं. "आज रविवार. साडेचार ते सहा राहुकाळ."

"मग साडेचारच्या आत संपवते," मॅडम म्हणाल्या. "सही."

कुणी हललं नाही. मी मॅडमना बाजूला घेऊन म्हटलं, "गेली सही खड्ड्यात. कापा तुम्ही." त्या म्हणाल्या, "मागच्या साली एका माणसाच्या कुत्र्याला सहीशिवाय टाके घातले म्हणून तीन महिने चौकशीला खेटे घातलेत. आणि हे दोघं त्या माणसापेक्षा शंभर पट वाईट आहेत. उद्या दोघंही म्हणतील, आमची पिशवी चोरली." त्या हातमोजे घालून उभ्या होत्या, आणि हात हवेत धरून ठेवले होते. रेवतीचा श्वास मी मोजत होतो.

मला हे नवीन नव्हतं. माझी बहीण साळू फर्दापूरकडं दिलेली. बाळंतपणात अडली. दवाखान्यात टेबलावर घेतली, आणि फॉर्मवर नवऱ्याची सही मागितली. मी शेजारी उभा होतो, सख्खा भाऊ. म्हटलं, माझी घ्या. म्हणाले, नवऱ्याची लागते. साळू शुद्धीवर होती, ती म्हणाली, मी करते. तिच्याकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. नवरा मका विकायला सिल्लोडला गेला होता. चार वाजता आला. सही केली, लई वळणदार सही केली. तेव्हा ती सही कुणाच्याच कामाची उरली नव्हती.

तीन पंचवीस.

"अहो, तुम्ही सासरे ना!" व्यंकटराव ओरडत होते.

"सासऱ्याचं काय घिऊन बसला?" नानासाहेबांनी गळा फाडला. "नवरा जित्ता असताना सासऱ्याला कोण इचारतं? नवऱ्याला इचारा की!"

माझ्या हातात जखमेला लावायच्या जांभळ्या औषधाची बाटली होती. मी म्हटलं, "कुठंय नवरा?"

मी मनात म्हटलं, आता हसतील आणि मला हाकलतील. कुणी हसलं नाही. व्यंकटरावांनी हनुवटी चोळली. गुरुजी म्हणाले, "तसं पाहिलं तर... पतीचा अधिकार प्रथम."

"जीपमधी हाय," नानासाहेब म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "आणा त्याला."

युवराज आला, उठताना झटकणारा पाय झटकत. मॅडमनी माझ्याकडं बघितलं आणि एकच शब्द बोलल्या, "लवकर." मी त्याचा पुढचा उजवा पंजा धरला, जांभळं औषध चोपडलं आणि फॉर्मवर, जिथं पालकाची सही लिहिलेलं होतं तिथं, दाबला. चार बोटं आणि गादी, सुंदर उमटली. मग त्यानं उरलेलं औषध चाटून टाकलं आणि जीभ जांभळी करून बसला.

"साक्षीदार?" मी विचारलं.

गुरुजींनी सही केली. शेजारी तिथी, वार, नक्षत्र लिहिलं. नानासाहेबांनी हुश्श केलं. व्यंकटरावांनी कागद वाचून बघितला, दोनदा, आणि म्हणाले, "हं. आता रीतसर झालं. याची एक झेरॉक्स मला द्या."

दाराबाहेर बायकांनी नारळ फोडला.

चार वाजून वीस मिनिटांनी मॅडमनी शेवटचा टाका घातला. पिशवी बाहेर आली तेव्हा दोन भरलेल्या घोसाळ्यांसारखी दिसत होती, ताणून पातळ झालेली. आणखी तासभर टिकली नसती. मी ती ट्रेमध्ये घालून दोन्ही घरांना दाखवायला नेली. बघायला पाहिजे म्हणून नेली. नानासाहेबांनी तोंड फिरवलं. व्यंकटराव म्हणाले, "झाकून ठेवा." प्रमोदिनीबाईंनी मात्र बघितलं. बराच वेळ बघितलं. मग विचारलं, "आम्ही बायका सणासुदीला घेतो... त्या गोळ्यांबद्दल डॉक्टरला विचारलं पाहिजे का हो?" मॅडम म्हणाल्या, "विचारलंच पाहिजे." एवढंच एक शहाणपणाचं बोलणं त्या दिवशी त्या दवाखान्यात झालं.

रेवती वाचली. तिसऱ्या दिवशी भाकरी खाल्ली, नवव्या दिवशी टाके काढले. न्यायला कुणी आलं नाही. नानासाहेब फोनवर म्हणाले, "रिकामी झाल्याली सून ठिवून काय करू? माहेरी पाठवा." व्यंकटराव म्हणाले, "दिलेली लेक परत घेतली असं आमच्याकडे झालेलं नाही." आणि फोन ठेवायच्या आधी, "झेरॉक्स मिळाली, धन्यवाद." मग मीच तिला घरी नेलं. रोज सकाळी माझ्याबरोबर दवाखान्यात येते आणि टेबलाखाली पडते. आलेल्या कुत्र्यांची नीट हुंगून नोंद घेते. व्रणोपचारकाचं काम तिला माझ्यापेक्षा चांगलं जमेल.

दोन महिन्यांनी नानासाहेब उगवले. बरोबर युवराज आणि नवी पत्रिका.

"जालन्याची हाय. पांढरीशिपत. या बारीला एकतीस गुण."

मॅडमनी युवराजला एक्स-रेला घेतलं. फिल्म उजेडावर धरली. डावा खुबा खोबणीतून निम्मा बाहेर होता. न शिकलेल्यालाही कळावं असा.

"याची पिल्लं काढू नका, नानासाहेब. याचं वजन कमी करा, गोळ्या देते, हा आरामात जगेल. पण जे याला आहे ते पुढं दहा जणांना देऊ नका."

"मॅडम, एकतीस गुण म्हणलं मी. तुमची सही द्या अगर नका देऊ. मांडव ठरलाय."

ते उठले. आता हा माणूस जाणार आणि आठ लंगडी पिल्लं तालुकाभर वाटणार, हे मला दिसत होतं. मॅडमना पण दिसत होतं. त्यांच्याकडं कायद्याचा एकही कागद नव्हता त्याला अडवायला. 

माझ्याकडं होता. मी कपाटातून युवराजच्या पंजाचा फॉर्म काढून टेबलावर ठेवला.

"नानासाहेब, पहिली बायको जिवंत आहे."

ते थांबले. टेबलाखाली बघितलं. रेवतीनं शेपटी एकदा जमिनीवर आपटली.

"तिचं ऑपरेशन नवऱ्याच्या संमतीनं झालं. तुमच्यासमोर. गुरुजी साक्षीला. मग नवऱ्याचं दुसरं लग्न तिच्या संमतीशिवाय कसं होईल? जालन्याच्या पाहुण्यांनी उद्या हा कागद बघितला तर?"

"त्यांला कोण दाखवणार?"

"व्यंकटरावांकडं झेरॉक्स आहे."

नानासाहेब घामाघूम झाले. रुमाल काढला, मान पुसली आणि बाकावर बसले. हा माणूस उभ्या तालुक्यात कुणाच्या बापाला भीत नाही. "बरं. घ्या तिचा अंगठा. लवकर घ्या."

मी कोरा फॉर्म रेवतीपुढं ठेवला. जांभळ्या बाटलीचं बूच उघडलं. तिनं कागद हुंगला, युवराजला हुंगलं, एक जांभई दिली. मग कागदावर जाऊन बसली, पुढचे दोन्ही पाय छातीखाली घेतले आणि डोळे मिटले.

"धरा की तिचा पाय!"

"जबरदस्तीची संमती चालत नाही," मॅडम एक्स-रेवरून नजर न काढता म्हणाल्या.

"मग उठवा!"

"एवढं दुखणं काढलेली बाई आहे, नानासाहेब," मी म्हटलं. "झोपू द्या. सोमवारी या."

ते सोमवारी आले. रेवती कागदावर झोपली होती. तेव्हापासून दर सोमवारी येतात, अकरा वाजता. युवराजचं वजन चार किलो उतरलंय, पाय कमी झटकतो. मी कागद मांडतो, बाटली उघडतो. नानासाहेब बाकावर बसून वाट बघतात, कधी कधी हलक्या आवाजात म्हणतात, "सूनबाई, बघा की जरा." रेवती एक डोळा उघडते, पाय आणखी आत घेते.